दुसऱ्या पाळीतलं टर्मिनल

त्या कारखान्यात मी जायला लागले तेव्हा मला पंचविसावं लागलं होतं, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाई येते हे कुणाला खरं वाटत नसे. गेटवरचा वॉचमन दर वेळी विचारायचा, "कुणाला भेटायचंय?" मी म्हणायचे, "कॉम्प्युटर बघायला आलेय." मग तो माझ्या मागे कुणी पुरुष येतोय का ते बघायचा आणि कुणीच नाही म्हटल्यावर नाइलाजाने वहीत सही घ्यायचा.

कारखाना औषधांचा होता, मुलुंडला आग्रा रोडवर, नाहूर गावाच्या अंगाला. पुढच्या इमारतीत ऑफिस, मग एक मोठं सिमेंटचं अंगण, आणि अंगणापलीकडे कच्च्या मालाचं स्टोअर. मुख्य कॉम्प्युटर ऑफिसात पहिल्या मजल्यावर काचेच्या थंड खोलीत. त्याला जोडलेली आठ टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. त्याला स्वतःची अक्कल नसते. तुम्ही इथे टाइप करायचं, ते वायरीवरून मुख्य मशीनकडे जाणार, हिशेब, नोंद, सगळं तिकडे होणार. सात टर्मिनलं ऑफिसात होती आणि ती गुण्यागोविंदाने चालायची. आठवं अंगणापलीकडच्या स्टोअरमध्ये होतं. ते तुटायचं.

तुटायचं म्हणजे काम करता करता पडदा एकदम कोरा व्हायचा आणि त्यावर सुरुवातीचा प्रश्न यायचा, आपण कोण? जणू माणूस आत्ताच येऊन बसलाय. अर्धी भरलेली नोंद गेली ती गेली. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात चाललं असतं, पण औषधाच्या कारखान्यात कुठल्या पिंपातली पावडर कुठल्या बॅचमध्ये गेली याची नोंद नसेल तर बॅच पुढे जात नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दोन बॅचेस अशाच अडकून पडल्या आणि ज्यांनी मशीन बसवलं त्या आमच्या कंपनीच्या ऑफिसात फोन आला.

मी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला टर्मिनल बदललं. दुसऱ्या खेपेला मुख्य मशीनची ज्या ठिकाणी वायर लागते ती जागा बदलली. तिसऱ्या खेपेला अख्खी केबल नवी ओढून घेतली. तिन्ही वेळा सकाळी गेले, दुपारच्या जेवणापर्यंत काम संपवलं, टर्मिनल झकास चालताना बघून परत आले. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी फोन.

आमचे साहेब वैतागले होते. म्हणाले, "आपल्या मशीनवर ठपका येता कामा नये. काय ते एकदा शोधून काढ आणि लिहून दे."

मुख्य मशीन आपल्या पोटात एक यादी ठेवतं. कोण कधी आला, कोण कधी गेला, कुणाची लाइन मध्येच तुटली. चौथ्या खेपेला मी ती यादी छापून घेतली आणि तुटलेल्या वेळांवर लाल पेनाने गोल केले. सगळे गोल दुपारी तीननंतरचे. दुसरी पाळी तीनला सुरू व्हायची. पहिल्या पाळीत एकही गोल नव्हता.

तो कागद घेऊन मी वर्क्स मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. तिथे पर्सोनेल ऑफिसर बसले होते. मी कागद टेबलावर पसरला आणि सांगितलं, "पहिल्या पाळीत एकदाही झालेलं नाही. फक्त दुसऱ्या पाळीत होतंय."

पर्सोनेल ऑफिसर पुढे वाकले. "म्हणजे मशीनमुळे नाही?"

मी म्हटलं, "मशीनमध्ये दोष असता तर दोन्ही पाळ्यांत झालं असतं."

ते वाक्य बोलताना मला फार शहाणं वाटलं होतं, हे अजून आठवतं.

"दुसऱ्या पाळीत कोण असतं माहितीये ना?" ते वर्क्स मॅनेजरांना म्हणाले. "युनियन कमिटीवाला. कॉम्प्युटर आला तेव्हा गेट मीटिंगमध्ये भाषण ठोकलं होतं त्याने. ही माणसं अशीच."

'ही माणसं' म्हणजे कोण ते केबिनमध्ये सगळ्यांना कळलं. दुसऱ्या पाळीत त्या टर्मिनलवर बसणारा क्लार्क जालन्याकडचा, बौद्ध. स्टोअरमध्ये हमाल म्हणून लागला, नाइट स्कूलमधून मॅट्रिक झाला आणि क्लार्क झाला, एवढं मी येता-जाता ऐकलं होतं. वर्क्स मॅनेजर काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मी आमच्या ऑफिसला जाऊन रिपोर्ट टाइप केला, ते शहाणं वाक्य इंग्रजीत घातलं, खाली सही केली. साहेब खूश झाले. तक्रारीचा कॉल बंद.

पुढच्या आठवड्यात त्याच कारखान्यात प्रिंटर बघायला गेले होते. परत निघाले तर गेटच्या आत, सायकल स्टँडपाशी तो क्लार्क उभा. पंचेचाळिशीचा, सडपातळ, पांढरा बुशशर्ट इस्त्री केलेला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

कारणे दाखवा नोटीस होती. टर्मिनलमध्ये जाणूनबुजून बिघाड घडवून उत्पादन अडवल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा करा. मधल्या परिच्छेदात माझं वाक्य जसंच्या तसं होतं.

"हे तुमचं आहे ना मॅडम?" त्याने बोट ठेवून विचारलं.

"हो."

"मला एकदा विचारायचं होतंत." आवाज चढला नव्हता. "चार वेळा आलात. मुकादमाला विचारलंत, वायरमनला विचारलंत. मी त्या खुर्चीवर बसतो. मला नाही विचारलं."

त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवला आणि स्टोअरकडे चालू लागला. त्याची पाळी सुरू व्हायची होती.

घाटकोपरला आमची चाळीतली खोली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा गिरणीत होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि ते एका सोसायटीत दिवसपाळीला वॉचमन म्हणून लागले होते. बोलायचे कमी, आणि बोलायचे ते मालवणीतच.

त्यांनी बशी खाली ठेवली. "तू बघितलंस गो, तो माणूस वायर काढताना?"

"नाही."

"मग लिवलंस कसा?"

"मी त्याचं नाव लिहिलं नाही, बाबा. पाळी लिहिली."

"पाळयेत किती माणसा बसतत त्या मशीनवर?"

"एकच."

"मग नाव लिवचा काय रवला?" ते उठले, आई ऐकत नाही ना ते बघितलं, आणि चपला घालता घालता म्हणाले, "माका पण असो कागद मिळालो होतो एकदा. तुझ्या आवशीक अजून ठाऊक नाय." आणि ड्यूटीवर निघून गेले.

मी चाळीखालच्या इराण्याकडून साहेबांना फोन केला. "मुलुंडला जातेय."

"तो कॉल बंद झालाय."

"मग आज माझी रजा धरा."

ते म्हणाले, "कंपनीच्या वतीने तिथे काही बोलू नकोस," आणि फोन ठेवला.

मीटरची पिशवी घेऊन मी तीन वाजता स्टोअरमध्ये पोचले. नोटिशीचा एक दिवस संपला होता. उद्या पाचपर्यंत खुलासा द्यायचा होता. तो क्लार्क टर्मिनलसमोर बसला होता. मला बघून त्याने खुर्ची मागे सरकवली.

"बसायचंय? बसा."

"नाही. तुम्ही काम करा. मी फक्त बघते."

"माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं का?"

"कुणी सांगितलं नाही. मी रजा टाकून आलेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, विश्वास बसल्यासारखं दिसलं नाही. मी एक रिकामा लाकडी खोका ओढून शेजारी बसले. तो एका बोटाने टाइप करायचा, पण चुका नव्हत्या. प्रत्येक ओळ पुरी झाली की दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवायचा, मला दिसतील असे. मला ते बघवत नव्हतं. पण थांबा म्हणायचा अधिकार मला नव्हता.

स्टोअरच्या मागच्या भिंतीला लागून शीतगृह होतं. मुकादम आणि तीन-चार जण त्यात पिंपं चढवत होते. दार सताड उघडं होतं आणि पायांवर गार हवा येत होती. चार वाजायला आले. त्याचे हात गुडघ्यांवर होते. भिंतीपलीकडे धप्प असा आवाज झाला, डोक्यावरची ट्यूबलाइट फडफडली आणि पडदा कोरा झाला. आपण कोण?

मग तो म्हणाला, "बघा. हात कुठं आहेत बघून घ्या."

"बघितलं," मी म्हटलं. "तो आवाज कसला?"

"मोठा कॉम्प्रेसर. दार उघडं राहिलं की आत गरम होतं, मग तो चालू होतो. एरवी धाकटाच चालतो."

"आणि लाइट अशी रोज फडफडते?"

"रोजच. त्याचं आता कुणाला काही वाटत नाही."

"आणि टर्मिनल दर वेळी त्याच वेळी जातं?"

त्याने विचार केला. "दर वेळी नाही. पण जातं तेव्हा आवाज झालेला असतो. मी हे सांगणार होतो. विचारलं असतं तर."

मी मीटर काढला. टर्मिनलची बॉडी आणि ऑफिसकडून आलेली केबल, यांच्यामध्ये एरवी व्होल्टेज नसायला हवं. थोडंसं होतं. पुढच्या वेळी मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हा काटा असा उसळला की मी हात मागे घेतला.

मला कळायला लागलं होतं. टर्मिनलकडून मुख्य मशीनला सारखा एक इशारा जात असतो, मी आहे, मी आहे. तो क्षणभर जरी डगमगला तरी मशीन समजतं की समोरचा उठून गेला, आणि लाइन बंद करतं. दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं होतं आणि त्यातलं स्टोअरचं नीट नसावं. मोठी मोटर उठताना ते हलत होतं, आणि त्याबरोबर हा इशाराही.

पण एक गोष्ट बसत नव्हती. माल सकाळीही चढतो. दार सकाळीही उघडं असतं. मग पहिल्या पाळीत एकही गोल का नाही?

त्याला विचारलं तर तो पडद्याकडे बघत राहिला. "ते मला माहीत नाही."

तो खोटं बोलत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं. मी ऑफिसात गेले आणि मशीनची तीच यादी पुन्हा काढली. या वेळी तुटलेल्या वेळा नाही बघितल्या, सगळ्याच वेळा बघितल्या. त्या टर्मिनलवर पहिल्या पाळीत कोण कधी बसलं? कुणीच नाही. माझ्या चाचण्या सोडल्या तर एकही दिवस नाही. जी लाइन उघडलीच नाही ती तुटणार कशी? ही यादी माझ्या हातात आधीही होती. मी फक्त मला हव्या तेवढ्या ओळी वाचल्या होत्या.

परत येऊन मी यादी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती वाचली. मग टेबलाचा खण उघडला. आत चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, बारीक तिरक्या अक्षरातल्या.

"सकाळचे क्लार्क आहेत ना, त्यांना मशीनची भीती वाटते," तो हळू आवाजात म्हणाला. "शिकायला बसले होते, हात थरथरायला लागले. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. ते चिठ्ठ्या लिहून ठेवतात, मी दुपारी मशीनमध्ये चढवतो. कुणाला कळलं तर त्यांना काढतील."

"हे तुम्ही खुलाशात लिहिलंय?"

"नाही."

"अहो, पण त्यानेच तर तुम्ही सुटता!"

"आणि ते अडकतात." त्याने खण बंद केला. "तुम्हाला कळलंय. आता तुम्ही काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. आधी पण तुम्हीच ठरवलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्क्स मॅनेजरांना स्टोअरमध्ये यायला लावलं. येईनात, तेव्हा म्हटलं, "माझा रिपोर्ट चुकलाय. कुठे चुकला ते दाखवायचंय." मग आले. सोबत पर्सोनेल ऑफिसर आले, आणि वायरमन. मी खुर्ची बाजूला काढून ठेवली. टर्मिनलवर काम उघडलं आणि सगळ्यांना चार पावलं मागे उभं केलं. तो क्लार्क दाराशी, सर्वांत मागे उभा होता.

"कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "कॉम्प्रेसर चालू करा."

वायरमनने केला. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. पडद्यावरची नोंद जागच्या जागी.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. काही नाही. तिसऱ्यांदाही काही नाही. पर्सोनेल ऑफिसर माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, ही मंडळी मागे उभी राहिली की मशीन बरोबर चालतं, नाही?" वर्क्स मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, वाट लागली. काल याच जागी झालं, मग आज का नाही?

"तो धाकटा आहे," मागून आवाज आला. क्लार्क पुढे आला नव्हता, दाराशी उभ्या उभ्याच बोलत होता. "मोठा हाताने चालू होत नाही. आत गरम व्हायला लागतं. दार उघडं ठेवा."

"आत माल आहे," वर्क्स मॅनेजर म्हणाले.

"साहेब, माल चढवताना रोज उघडंच असतं. अर्धा तास."

वर्क्स मॅनेजरांनी मान हलवली. मुकादमाने शीतगृहाचं दार उघडलं. आम्ही उभे राहिलो. वायरमन खोक्यावर बसला, पुन्हा उठला. पर्सोनेल ऑफिसर एकदा म्हणाले की पाच वाजता खुलासा आला नाही तर चौकशी बसेल. मी पडद्यावरून नजर हलवत नव्हते. पापणी लवेल त्याच वेळी होईल आणि मला दिसणार नाही, अशी वेडी भीती वाटत होती.

मग धप्प. ट्यूबलाइट फडफडली. पडदा कोरा.

आपण कोण?

खुर्ची चार हात लांब रिकामी होती. पर्सोनेल ऑफिसर म्हणाले, "आज झालं म्हणजे आधीचं त्याने केलं नाही असं सिद्ध होतं का?"

"पुरे," वर्क्स मॅनेजर म्हणाले. आणि वायरमनकडे वळले. "इथला अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

खड्डा स्टोअरच्या मागे, रिकाम्या गोण्यांच्या ढिगाखाली सापडला. झाकण उघडलं तर आतलं मीठ आणि कोळसा भाजलेल्या मातीसारखे सुके. त्यात दर आठवड्याला पाणी ओतायचं असतं, ओल असेल तरच वीज जमिनीत उतरते. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली तेव्हा कुणीतरी ते बंद केलं होतं, आणि वर गोण्या आल्यावर खड्डा सगळेच विसरले होते. वायरमनने तिथेच दोन बादल्या ओतल्या. माती पाणी पीत असल्याचा आवाज येत होता.

"बाकी सगळं ठीक," वर्क्स मॅनेजर मला म्हणाले, "पण मग पहिल्या पाळीत का नाही झालं?"

तो क्लार्क माझ्याकडे बघत होता.

"पहिल्या पाळीत टर्मिनलवर काम कमी असतं," मी म्हटलं. "मी ते धरलंच नव्हतं. माझी चूक."

खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.

नोटीस त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली. दोन ओळींचं पत्र, त्यात दिलगिरीचा शब्द नव्हता. पत्र हातात घेऊन तो माझ्याकडे आला. मला वाटलं आभार मानेल. तो म्हणाला, "यात तुमचं वाक्य मागे घेतलेलं नाही. ते माझ्या फाइलमध्ये राहणार. तुम्ही चुकलात हे पण लिहून द्या. तितक्याच साध्या भाषेत."

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "चूक वगैरे शब्द लिहायचे नाहीत. 'अधिक निरीक्षणानंतर असे आढळले' असं लिही. कंपनीच्या लेटरहेडवर जाणार आहे ते."

मी तिथल्याच ऑफिसातल्या टाइपरायटरवर बसले आणि लिहिलं, की माझ्या आधीच्या रिपोर्टमधला निष्कर्ष चुकीचा होता, मी पुरेशी तपासणी न करता तो काढला, आणि टर्मिनल वापरणाऱ्या व्यक्तीचा यात काहीही दोष नाही. सही केली. एक प्रत त्याला दिली. त्याने ती उभ्या उभ्या दोनदा वाचली, माझ्या सहीखाली तारीख घालायला लावली आणि मगच खिशात ठेवली. "येतो," म्हणाला, आणि पाळीवर गेला.

साहेबांनी मला त्या कारखान्यावरून काढलं आणि वर्षभर अंधेरीच्या ऑफिसात सुटे भाग तपासायला बसवलं. मला राग आला होता, पण तक्रार केली नाही. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "त्या माणसाची नोकरी रवली मां?" रवली, म्हटल्यावर ते पेपर वाचायला लागले.

दोन-अडीच वर्षांनी त्या कारखान्यात नवं मशीन बसलं तेव्हा मला पुन्हा पाठवलं. अंगण ओलांडून स्टोअरमध्ये गेले. पहिल्या पाळीचे ते म्हातारे क्लार्क निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी एक नवी मुलगी होती. ती घाईघाईने चहा संपवून टर्मिनलवर बसली. आमचा क्लार्क लवकर येऊन तिच्या शेजारी उभा होता, तिला काहीतरी दाखवत. मला बघून त्याने मान हलवली. टेबलावर कापडी बांधणीची एक जाड वही होती. मी ती सहज उघडली. त्या दिवसापासूनची त्याची प्रत्येक पाळी त्यात होती. टर्मिनल कधी उघडलं, कधी बंद केलं, मध्ये काय झालं, शीतगृहाचं दार उघडं होतं की बंद, खोलीत कोण कोण होतं. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याची सही, आणि शेजारी मुकादमाची.

"आता तर काही तुटत नाही ना?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही." आणि माझ्या हातातून वही घेऊन त्याने खणात ठेवली आणि कुलूप लावलं.